शंभर वर्षं जुन्या बंदुकीला परवाना लागत नाही? मामाला आलेल्या मेसेजला उत्तर

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मामाचा फोन आला. मामा लालबागला राहतो, वय चौऱ्याहत्तर. "बाय, उद्या गावाला जातोय. आण्णांची बंदूक घेऊन येतो, दसऱ्याला इथेच पूजा करू. आता परवाना लागत नाही, मेसेज आलाय." कशी आणणार, असं विचारलं तर म्हणाला, "चादरीत गुंडाळून, कोकणकन्येने. बर्थखाली राहील की."

तो मेसेज तोवर मलाही तिघांनी पाठवला होता. दोन वेळा न वाचता पुसून टाकला, ही माझी चूक. मामाच्या फोननंतर नीट वाचला. त्यात म्हटलंय ते असं: शंभर वर्षांहून जुन्या बंदुका-पिस्तुलांना आता परवाना लागत नाही, सरकारने कायदा बदललाय. इंग्रजांनी १८७८ साली आपली शस्त्रं काढून घेतली होती, ती आता परत मिळाली. घरातल्या जुन्या बंदुकीला घाबरू नका, तिच्यातली दारू कधीच मेलेली असते. नादुरुस्त असेल तर गावच्या लोहाराकडून घोडा बसवून घ्या. दसऱ्याला पूजा करून एक बार काढा. आणि विकायची असेल तर परदेशात अशा पिस्तुलाला पाच कोटी मिळतात. खाली हात जोडलेले, तिरंगा, आणि 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा'.

मी वीस वर्षं मुंबईत नेमबाजीच्या रेंजवर जाते. जुनी हत्यारं हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे. वस्तुसंग्रहालयातल्या शस्त्रांच्या दालनात मी एकेका बंदुकीच्या चाप-घोड्याच्या यंत्रणेसमोर अर्धा अर्धा तास उभी राहिलेली आहे. म्हणूनच हे लिहितेय. असा मेसेज लिहिणाऱ्याला ना बंदूक कळते ना कायदा, आणि त्याच्या शब्दावर माझा मामा आगगाडीत बंदूक घेऊन बसणार होता.

आधी परवान्याचं बघू, कारण मेसेजमध्ये एवढा एकच मुद्दा असा आहे की ज्यात अर्धं खरं आहे. ते नाकारून चालणार नाही. केंद्रीय गृहखात्याने फेब्रुवारी २०२० मध्ये २०१६ च्या शस्त्र नियमांत बदल केले. मुख्य बदल नेमबाजांसाठी होते, त्यांना किती हत्यारं आणि किती काडतुसं ठेवता येतील याबद्दलचे. त्याबरोबर गृहखात्याने असाही खुलासा केला की क्युरिओ, म्हणजे संग्रहात ठेवण्याजोगी जुनी वस्तू, या वर्गात बसणारी छोटी शस्त्रं घ्यायला आणि जवळ ठेवायला भारतीय नागरिकाला परवाना लागणार नाही. मेसेजवाल्याने हे वाक्य उचललं आणि तिथेच थांबला. त्याच खुलाशात लगेच पुढे लिहिलंय की असं शस्त्र वापरायला, बाळगून फिरायला किंवा एका जागेहून दुसऱ्या जागी न्यायला रीतसर परवाना लागेलच. आणि परवान्यावर त्या शस्त्राची नोंद नसेल तर त्याच्यासाठी दारूगोळा विकला जाणार नाही.

म्हणजे ज्या खुलाशाच्या जोरावर हा मेसेज फिरतोय, तोच खुलासा त्यातल्या दोन सल्ल्यांना मनाई करतो. बार काढायचा नाही आणि बंदूक गाडीत घालून आणायची नाही. मामाला मी ते वाक्य फोनवर तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तो गप्प झाला.

आता दुसरी गोष्ट. क्युरिओ कशाला म्हणायचं हे नियमातल्या व्याख्येवर ठरतं, आपल्या घराण्याच्या अभिमानावर नाही. 'आजोबांची' म्हटलं की प्रत्येकाला ती शंभर वर्षांची वाटते. आमच्या आण्णांची बंदूक मामाच्या हिशेबाने 'शिवकाळापासूनची' होती. मी आईला विचारलं. आण्णांनी ती घरी आणली तेव्हा आई चौथीत होती! शेतात डुक्कर आणि माकडं यायची म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली, एकनळी, ठासणीची. कोकणात अशा बंदुका गावोगाव आहेत, आणि त्यातल्या कितीतरी स्वातंत्र्यानंतर बनलेल्या आहेत. पुढून दारू भरायची म्हणून दिसायला पुराण्या वाटतात, एवढंच.

आणि नुसत्या वयाने काय होतं? ब्राउनिंगचं १९०० सालचं पिस्तूल घ्या. आज त्याला सव्वाशे वर्षं होत आली. ते ७.६५ मिलिमीटरचं काडतूस घेतं, ज्याला आपण पॉइंट बत्तीस म्हणतो. ते काडतूस आजही बनतं, आणि आपल्याच सरकारी कारखान्याने त्याच मापाचं 'अशनी' पिस्तूल बाजारात आणलेलं आहे. सव्वाशे वर्षांचं हत्यार, काडतूस मात्र आजच्या बाजारातलं. त्याला 'शोभेची वस्तू' म्हणून कपाटात ठेवा, असं सांगणारा माणूस लोकांना तुरुंगाची वाट दाखवतोय.

ज्यांना कायद्याचं मूळ वाक्य हवं त्यांच्यासाठी सांगते. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम ४५ आहे, कायदा कुणाला लागू नाही हे सांगणारं. त्यात जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट दिलेली आहे, पण ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही बंदूक म्हणून वापरता येण्यासारखं नसेल तर. या 'दुरुस्त करून किंवा न करता'वर बोट ठेवा. गंजलेली आहे, घोडा तुटलाय, म्हणून सुटका होत नाही. घोडा नवा बसवला की ती चालणार असेल तर ती बंदूकच. बिनपरवाना बंदूक बाळगली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद, शिवाय दंड. आणि 'लोहाराकडून घोडा बसवून घ्या' हा सल्ला तर त्या बिचाऱ्या लोहारालाही गोवणारा आहे, कारण बंदूक दुरुस्त करायलाच कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो.

हे झालं कायद्याचं. कायदा मोडला तर वकील तरी करता येतो. 'जुनी दारू मेलेली असते' हे वाक्य मात्र माणसाचा जीव घेईल, आणि मला सगळ्यात जास्त संताप आला तो याचाच.

काही वर्षांपूर्वी पार्ल्याला माझ्या एका मैत्रिणीच्या हॉलमध्ये भिंतीवर टोपीचं पिस्तूल टांगलेलं होतं, म्हणजे घोडा छोट्या स्फोटक टोपीवर आपटला की आतली दारू पेटते असं. जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून शोभेचं म्हणून घेतलेलं, दुकानदाराने 'रिकामं आहे, बंद आहे' असं सांगून दिलेलं. लाकडी दस्ता, त्यावर पितळेची पट्टी, घोडा जड पण हलणारा. मैत्रिणीचा मुलगा आणि त्याचे मित्र ते खाली काढून चोर-पोलीस खेळायचे. एकमेकांवर रोखून चाप ओढायचे. मला ते पाहून राहवलं नाही. शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेले एक म्हातारे कारागीर आमच्या ओळखीचे होते, त्यांना घरी बोलावलं.

त्यांनी सगळ्यांना आतल्या खोलीत पाठवलं. पिस्तुलाचं तोंड बाहेरच्या भिंतीकडे केलं, घोड्याखाली चामड्याचा तुकडा दिला. मग पिशवीतून लाकडी गज काढला, नळीत हळूच सोडला, टेकला तिथे नळीच्या तोंडाशी गजावर पेन्सिलने खूण केली. गज बाहेर काढून तोच नळीला बाहेरून लावून धरला, खूण तोंडाशी. रिकाम्या नळीत गजाचं दुसरं टोक पार मागे, टोपी बसते त्या निपलपर्यंत जायला हवं. ते तीन बोटं अलीकडेच थांबलं. ते म्हणाले, "ताई, भरलेलं आहे."

नंतरचं काम त्यांनी सावकाश, एक शब्द न बोलता केलं. वरची चिंधी कुजलेली होती. शिशाची गोळी सैल झालेली, ती घरंगळत वर्तमानपत्रावर आली, करडी पांढरट, बोराच्या बीएवढी. तिच्यामागून काळी पूड. गॅलरीत फरशीवर त्यातली चिमूटभर ठेवून त्यांनी लांबून उदबत्ती टेकवली. फस्सकन उजेड झाला, पांढरा धूर, आणि फटाक्यांनंतर येतो तसा गंधकाचा वास. फरशीवर काळा डाग राहिला, तो मैत्रिणीने मुद्दाम पुसला नाही. मुलांनी इतके दिवस चाप ओढला आणि काही झालं नाही, कारण निपलवर टोपी नव्हती. तेवढंच कारण. दिवाळीत कुणी खेळण्यातल्या बंदुकीची टिकली तिथे बसवून बघितली असती तर काय झालं असतं, ते मला अजून रात्री आठवतं. दुसऱ्याच दिवशी मैत्रिणीने पोलिसांना कळवून ते पिस्तूल रीतसर जमा केलं.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ढोबळ प्रमाण पंच्याहत्तर, पंधरा, दहा. हे तिन्ही पदार्थ एकत्र कुटलेले असतात, पण एकमेकांशी भांडत नाहीत. दुधासारखं नासणं त्यांच्यात नाही. ओलीने दारू मंद होऊ शकते, पण नळीच्या बुडाशी, गोळी आणि चिंधीच्या आड, ती किती ओली झाली हे बाहेरून कुणाला कळणार? २०१३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एक तोफ साफ करायला घेतली. १७८० साली बुडालेल्या हुसार नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवरची. कित्येक वर्षं ती पार्कमध्ये लोकांसमोर उभी होती. आत सापडली सुमारे ८०० ग्रॅम दारू आणि गोळा, आणि पोलिसांच्या मते ती दारू अजून पेटण्यासारखी होती. २००८ साली व्हर्जिनियात अमेरिकन यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना एक संग्राहक जागीच ठार झाला. तो आयुष्यभर हेच करत आलेला माणूस होता आणि गोळा एकशे चाळीस वर्षांहून जुना. त्याच्यापुढे आमच्या आण्णांची बंदूक कालची म्हणायची.

म्हणून कृपा करून ऐका. घरात जुनी ठासणीची बंदूक असेल तर ती भरलेलीच आहे असं धरून चाला. मी वर सांगितलं ते गजाचं काम स्वतः करायला जाऊ नका, नळीच्या तोंडासमोर हात आणि चेहरा जातो. टोपी आहे का बघायला घोडा उचलून पाहू नका. लहान मुलांना दूर ठेवा, खोलीला कुलूप लावा, पोलिसांना कळवा.

आता 'एक बार काढा'. समजा, बंदूक परवान्याची आहे, रिकामी आहे, तरीही हे करायचं नाही, आणि याला दोन कारणं आहेत. पहिलं कायद्याचं: २०१९ च्या दुरुस्तीने समारंभात बार काढून लोकांचा जीव धोक्यात घालणं हा वेगळा गुन्हा केला आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्न असो, देवळाचं आवार असो, दसरा असो.

दुसरं कारण नळीचं. जुनी नळी काळ्या दारूसाठी बनलेली असते. आजच्या काडतुसातली दारू बिनधुराची, ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली. तिचा जोर फार मोठा, आणि काळ्या दारूच्या मापाने ती भरली की नळी फुटते. ती फुटते कुठे? बहुतेक वेळा मागच्या बाजूला, जिथे डावा हात धरलेला असतो त्याच्या आसपास. काडतूस फोडून त्यातली दारू ठासणीच्या बंदुकीत भरणारे महाभाग मी ऐकून आहे, आणि त्यातल्या एकाची बोटं मी पाहिलेली आहेत, म्हणजे जी उरली ती. जुन्या चांगल्या दुनळींत नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून जोडलेल्या असतात. वरून पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते, फार सुंदर असते. पण गंज त्या जोडांतून आत जातो आणि वरून दिसत नाही. इंग्लंडमध्ये १८१३ पासून बर्मिंगहॅमला नळ्या तपासून शिक्का मारायचं अधिकृत ठिकाण आहे, आणि बिनधुराच्या दारूसाठी तपासलेल्या नळीवर वेगळा शिक्का असतो. तो शिक्का कसा दिसतो हे ज्याला माहीत नाही त्याने दुसऱ्याला बार काढायला सांगू नये.

जुनी हत्यारं चालवूच नयेत असं माझं म्हणणं नाही. जगात ती चालवली जातात, आणि किती प्रेमाने! ठासणीच्या हत्यारांच्या नेमबाजीची एमएलएआयसी नावाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७१ पासून आहे. तिच्या स्पर्धांत अर्ध्या तासात तेरा बार असतात, त्यातले उत्तम दहा धरतात. जपानी तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने पेटवायच्या, बंदुकीची स्पर्धाही असते, तिचं नाव तानेगाशिमा. तिथे कुणी डब्यातून थेट नळीत दारू ओतत नाही. प्रत्येक बाराची दारू घरून मोजून, वेगवेगळ्या छोट्या नळकांड्यांत भरून आणायची, कारण आधीच्या बाराची ठिणगी आत राहिली तर हातातला अख्खा डबा पेटेल. झालं की गरम पाणी आणि साबणाने नळी धुवायची, पुसायची, तेल लावायचं. काळ्या दारूची राख हवेतली ओल खेचते. आपल्या मुंबईच्या हवेत एक रात्र तशीच ठेवली तर सकाळी आत तांबूस थर आलेला असतो. ज्यांना बंदूक आवडते ते हे सगळं करतात. मेसेजवाल्याला फक्त आवाज हवाय.

राहिलेले दोन मुद्दे पटकन. १८७८ चा इंग्रजांचा शस्त्र कायदा अन्यायाचा होता, हे खरं आहे. गोऱ्यांना सूट आणि आपल्याला परवाना असा उघड भेद त्यात होता. पण तो आत्ता कुणी उठवलेला नाही, तो कधीच गेला. त्याच्या जागी स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५९ चा कायदा केला आणि तो ऑक्टोबर १९६२ पासून लागू आहे. 'शस्त्रं परत मिळाली' ही थाप आहे.

पाच कोटींची तीच गत. टिपू सुलतानाची तलवार मे २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे एक कोटी चाळीस लाख पौंडांना गेली, पण ती टिपूची होती आणि तशी नोंद होती म्हणून. आपल्या माळ्यावरच्या पिस्तुलाला तो इतिहास नाही. आणि वस्तू खरोखरच शंभर वर्षांची पुरातन असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवताच येत नाही. विकायला जाल तर तस्करीत अडकाल.

मामाचं काय झालं ते सांगते. आण्णा गेल्यावर बंदुकीचे कागद कुणी वारसाच्या नावावर केले नाहीत, ही आमच्या घराची चूक आहे. परवानाधारक गेला की बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि वारसाने अर्ज करायचा, गावाकडे जिल्हाधिकाऱ्यांकडे, मुंबईत पोलीस आयुक्तांकडे. आम्ही बारा वर्षं काहीच केलं नाही. मामी म्हणाली ट्रंकेत बघा, तिथे आण्णांची परवान्याची पुस्तिका निघाली, कडा वाळवीने खाल्लेल्या, पण बंदुकीचा नंबर स्पष्ट वाचता येतोय. मामा आता तेवढी पुस्तिका घेऊन गावाला गेलाय. बंदूक माजघरातच खुंटीवर आहे, खोलीला कुलूप आहे, किल्ली पोलीस पाटलांकडे. ती तिथून कधी हलवायची ते पोलीस ठरवतील.

पूजेला काय ठेवायचं हा प्रश्न मामाला फार छळत होता. तो बावीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता, खंडेनवमीला साच्याला हळदकुंकू लावायचा. गिरणी बंद झाली तेव्हा एक धोटा, मागावर आडवं सूत नेणारा, घरी आणला होता. यंदा पाटावर तो असेल.

मेसेज मामाने पुढे आठ जणांना पाठवला होता. मी सांगितल्यावर आठही जणांना त्याने स्वतः फोन लावले, एकेकाला समजावलं. सात जणांशी बोलणं झालं. आठवा संगमेश्वरचा, तो कालपासून फोन उचलत नाहीये, आणि त्याच्या घरी दुनळी आहे. ओळखीपाळखीतून हे त्याच्यापर्यंत पोहोचलं तर बरं होईल.